पद्मक्कांचा निळा थेंब

पद्मक्का कुणालाही 'बरं' म्हणत नसत. समोरच्याने काहीही सांगितलं की त्या एकच शब्द उच्चारत, "नोडोण." कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'बघू या', एवढाच. हुबळीत हा शब्द सारखा कानावर पडतो आणि बहुतेक माणसं तो म्हणून विसरून जातात. पद्मक्का मात्र खरोखरच बघायच्या.

लॅमिंग्टन रोडजवळच्या एका बोळात आमची रक्त तपासायची लॅब आहे. तिथे मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले, तेव्हा पद्मक्का तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ होत्या. थोरल्या डॉक्टरांच्या काळापासूनच्या. आता लॅब थोरल्यांचा मुलगा, म्हणजे आमचे डॉक्टर, बघत होते. मी अळणावरजवळच्या खेड्यातली. वडील दुसऱ्यांच्या भातशेतात कामाला जायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. "काम बघून कायम करू," असं डॉक्टर म्हणाले होते आणि ते वाक्य मी रोज बसमध्ये मनात घोळवत यायची.

पहिल्याच दिवशी पद्मक्कांनी माझ्यासमोर रक्ताच्या दोन नळ्या ठेवल्या. "एकाच माणसाच्या आहेत. साखर बघून सांग." एका नळीत एकशे बारा आली, दुसरीत एकशे एकेचाळीस. मी घाबरले. पुन्हा केली, तरी तेच. माझाच हात चुकतोय असं समजून मी दोन्हींसमोर एकशे बारा लिहून दिलं.

त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला. त्यांच्या गळ्यात दोन चष्मे असत, एक जवळचा, एक लांबचा. माझ्याकडे त्यांनी लांबच्या चष्म्यातून बघितलं.

"दोन वेगळ्या माणसांच्या होत्या."

"पण अक्का, तुम्हीच सांगितलं की..."

"मी सांगितलं म्हणून खरं धरलीस? यंत्र एक सांगतंय, डोळे एक सांगतायत, आणि तू माझं ऐकलीस? मी कोण ग?"

मला खूप राग आला होता. पहिल्याच दिवशी नव्या मुलीला असं फसवतं का कुणी? पण आकडा पटला नाही म्हणून तो जुळवून लिहिणं मी त्या दिवशी सोडलं, ते कायमचं.

त्यांचा अविश्वास फक्त लॅबपुरता नव्हता. शेवंतीची माळ घेताना त्या माळवालीला ती सोडून दाखवायला लावत, कारण मधल्या वितीत नुसते देठ असतात असा त्यांचा आरोप होता. माळवाली म्हणायची, "पद्मक्का, देवाला तरी विश्वासानं वाहा की ओ." त्यावर या म्हणत, "देवावर आहे ग. तुझ्या दोऱ्यावर नाही." त्यांची बहीण धारवाडला केलगेरीत राहायची. एकदा मी त्यांच्याबरोबर केलगेरीच्या बसला चढले. पुढे पाटी स्पष्ट होती. त्यांनी कंडक्टरला विचारलं, तो हो म्हणाला. तरी त्यांनी खिडकीतल्या म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, "तिकडं रस्ता खणलाय, अलीकडंच वळवतात." कंडक्टर ओशाळून हसला. "पाटी काल लावलेली असती," पद्मक्का मला म्हणाल्या, "आणि बस आज जाती."

हे असं कशामुळे झालं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील कमरीपेठेत साड्या रंगवायचे. आडनावच रंगारी. हौदात रंग नीट ढवळला नाही तर साडीचा पदर एका छटेचा आणि निऱ्या दुसऱ्या छटेच्या होतात. नऊ-दहा वर्षांच्या असताना ढवळायचं काम त्यांच्याकडे होतं. एका लग्नाची साडी होती. वडिलांनी आतून विचारलं, "ढवळलीस काय ग?" या खेळायच्या घाईत "ढवळले" म्हणाल्या. ढवळलं होतं, पण वरवर. साडी वाळत घातल्यावर सगळ्या गल्लीला दिसली. ठिगळं लावल्यासारखी.

"अप्पांनी मारलं नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं विचारलं, ढवळले म्हणालीस ते बघून म्हणालीस की असंच?"

मी लागले त्यानंतर दोनेक महिन्यांनी ढवळायचं नवीन यंत्र आलं.

समोरच्या प्रसूतिगृहातून आमच्याकडे नवजात बाळांचं रक्त यायचं. बाळाच्या टाचेला टोचून काढलेले चार थेंब. त्यातलं पिवळं पाणी वेगळं करायचं, त्यात औषध मिसळायचं आणि जो रंग येतो तो मोजून बाळाची कावीळ किती ते सांगायचं. नमुना एवढासा असतो की काडीनं ढवळायला गेलं तर अर्धा काडीलाच चिकटतो. पद्मक्का ते बारीक नळीनं वर-खाली ओढून मिसळत. एकेका कपाला वेळ लागे. नवीन यंत्राला काडी नको होती, नळी नको होती. जेवणाच्या डब्याएवढी स्टीलची टाकी, तिच्यात पाणी. तळाला एक चकती थरथरते, ती इतकी वेगानं की कानाला ऐकूच येत नाही. ती थरथर पाण्यातून चढते, वर ठेवलेल्या इवल्या कपांच्या बुडाला लागते आणि आतला थेंब कशालाही न शिवता ढवळला जातो. मिसळून झालं की हिरवा दिवा लागतो.

बेंगळूरूहून आलेला माणूस हे सगळं सांगत होता. डॉक्टर खूष होते. पद्मक्का टाकीला कान लावून उभ्या होत्या.

"ऐकू तर काय येत नाही."

"अक्का, तीच तर गंमत आहे," तो म्हणाला.

"हलताना दिसत पण नाही."

"हिरवा दिवा लागला की समजायचं."

"दिवा कपात बसलाय काय?" पद्मक्कांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. रंगाचं दुकान चालवणाऱ्या भावाकडचा निळा रंग. पाण्यात चिमूटभर कालवून त्यांनी एक थेंब एका कपाच्या तळाशी सोडला, वर साधं पाणी घातलं. थेंब तळाला निळ्या मण्यासारखा बसला. यंत्र सुरू केलं. आम्ही बघत असतानाच मण्याचा धूर झाला, आणि धुराचं सगळीकडे सारखं आभाळ. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"काय अक्का, आता?" डॉक्टर हसत म्हणाले.

"आज मिसळलं," पद्मक्का म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सकाळी पहिला कप निळ्या थेंबाचा. टाकीत पाणीही त्याच भरत. आदल्या दिवशी एका स्टीलच्या कॅनमध्ये भरून, झाकून ठेवलेलं. मला हात लावू देत नसत. का, ते विचारलं तर म्हणत, "तू तुझं बघ की."

महिना-दोन महिने असे गेले आणि डॉक्टरांना त्या निळ्या थेंबाचा कंटाळा आला. एकदा त्यांचे मित्र लॅब बघायला आले असताना पद्मक्का कपात वाकून बघत होत्या आणि मित्र हसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "अक्का, आता हे बंद. तुम्ही पुढे रक्त काढायला बसा, प्रसूतिगृहातली बाळं पण तुम्हीच करा. यंत्र रेणुका बघेल."

रेणुका म्हणजे मी. मला आनंद झाला, हे लपवत नाही. पद्मक्कांनी आपले दोन्ही चष्मे गळ्यात अडकवले आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या. कॅन तिथेच राहिला.

आठवडाभरात डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "अक्का संध्याकाळी टाकून द्यायच्या ट्रेमधून नळ्या काढतात असं वाटतं. तुला काही दिसलं?"

मला दिसलं होतं. पद्मक्का ट्रेपाशी उभ्या राहून बाळांच्या नळ्या निवडत होत्या आणि काळ्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवत होत्या. मी आत गेले तशी त्यांनी पिशवीची चेन ओढली होती. त्या नळ्या जायच्या कुठे? दुसऱ्या लॅबला? डॉक्टरांना वाटत होतं की अक्का नवीन यंत्रावर चिडल्यात आणि काहीतरी करून ते वाईट ठरवणार आहेत. मलाही तसंच वाटू लागलं. मी यंत्रापाशी बसले की त्या दारातून माझ्या हाताकडे बघत. मी त्यांच्या पिशवीकडे बघे. दुपारचा डबा आम्ही एकाच टेबलावर खायचो, पण त्या आठवड्यात एकमेकींची भाजी घेतली नाही.

"लक्ष ठेव," डॉक्टर म्हणाले. "तुझं कायमचं पण बघायचंय आता."

त्या सोमवारी लॅबच्या भागात नळाला पाणी आलं. हुबळीत पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घराघरांत एकच धांदल असते. जुनं, शिळं पाणी ओतून टाकायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. आमच्या गावी विहीर होती, पण इथल्या खोलीवर मीही तेच शिकले होते. लॅबमध्ये आल्या आल्या मी शुद्ध पाण्याच्या यंत्राला नळ जोडला आणि ढवळायच्या यंत्राची टाकी बघितली. आठवड्याचं पाणी. कॅनमधलं तर त्याहून जुनं. मला किळस आली. बाळांच्या तपासणीचं यंत्र आणि त्यात असलं पाणी! मी टाकी रिकामी केली, घासली, तोटीखाली धरून काठोकाठ ताजं पाणी भरलं. सोमवारी वरची टाकी भरून घेतली होती, तेव्हा मंगळवारी आणि बुधवारीही लवकर येऊन मी तोटीतून तेच केलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "व्हेरी गुड."

हिरवा दिवा रोज लागत होता. ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा एक नमुना रोज पहिल्यांदा तपासतात. तोही बरोबर येत होता. मी तो नेहमी मधोमध ठेवायची.

बुधवारी दुपारी पद्मक्का प्रसूतिगृहातून आल्या त्या थेट माझ्यापाशी.

"ते तीन दिवसांचं बाळ, मुलगी. किती आलं?"

मी आकडा सांगितला. घाबरण्यासारखा नव्हता.

"परत कर."

"अक्का, रिपोर्ट गेला. हिरवा दिवा..."

"टाच टोचताना मी पाय हातात धरला होता, रेणुका. तळपाय पिवळे आहेत. तळपायापर्यंत पिवळं उतरलंय आणि आकडा एवढाच?"

मी डॉक्टरांकडे गेले. खरं सांगायचं तर मला वाटलं, हीच ती वेळ, अक्का यंत्राला खोटं पाडताहेत. मी डॉक्टरांना ते सांगितलं आणि पिशवीचंही सांगितलं, काळ्या कागदासकट.

डॉक्टर बाहेर आले. आवाज चढला होता. "अक्का, पिशवी उघडा."

पद्मक्कांनी एकदा माझ्याकडे बघितलं, जवळच्या चष्म्यातून. मग चेन ओढली आणि सगळं टेबलावर मांडलं. काळ्या कागदाच्या पंधरा-वीस सुरळ्या. एकेक उलगडून त्यांनी नळ्या रांगेत उभ्या केल्या. फिकट पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत. शेजारी एक वहीचं पान होतं. त्यावर लिंबू, शेवंती, हळद, झेंडू अशी पिवळ्याच्या छटांची नावं, वार आणि समोर आमच्याच रिपोर्टातले आकडे.

"काळा कागद कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजेडात हा पिवळा उडतो. कच्च्या रंगासारखा. तुम्हाला माहीत आहे की ओ." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "हे बघा. गेल्या आठवड्यापर्यंत लिंबूला कमी, हळदीला जास्त, झेंडूला त्याहून जास्त. सगळं ओळीत. सोमवारपासून बघा. झेंडूला हळदीपेक्षा कमी. एका हळदीला नीट, दुसऱ्या हळदीला अर्धं. मी चोरी केली असं म्हणा, चालेल. पण सोमवारी काय झालं, ते आधी सांगा."

सोमवारी काय झालं, हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. गप्प बसले असते तर यंत्रात बिघाड म्हणून बेंगळूरूच्या माणसाला फोन गेला असता, आणि मी कायम झाले असते.

"सोमवारी मी पाणी बदललं," मी म्हणाले. "ताजं भरलं. काल पण, आज पण."

पद्मक्का यंत्रापाशी गेल्या आणि कपांची जाळी वर उचलली. कपांच्या बुडाला बारीक बारीक बुडबुडे चिकटले होते, तांब्यात नुकतंच पाणी ओतल्यावर कडेला दिसतात तसे. मधल्या कपांना कमी, कडेच्या कपांना गच्च.

"ताज्या पाण्यात हवा असती," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "थरथर त्या बुडबुड्यातच अडकती. वर पोचत नाही. पाणी एक दिवस झाकून ठेवलं की हवा निघून जाती."

त्यांनी पुडी काढली, कडेच्या कपात निळा थेंब सोडला, वर पाणी घातलं. हिरवा दिवा लागला. निळा मणी तळाशी तसाच होता. एक बारीक दोरा तेवढा वर आला होता.

त्यानंतर जे काही केलं ते डॉक्टरांनीच केलं, आणि झपाट्यानं. प्रसूतिगृहाला फोन त्यांनी स्वतः लावला. तीन दिवसांतली सगळी बाळं परत बोलवायला सांगितली. पद्मक्कांनी त्या बाळाचं उरलेलं पिवळं पाणी हातानं, नळीनं वर-खाली ओढून मिसळलं. मी शेजारी उभी होते. नवा आकडा पहिल्याच्या जवळपास दुप्पट आला. अर्ध्या तासात बाळ कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्यांखाली ठेवल्याचा निरोप आला. वेळेत आहे, बालरोगतज्ज्ञ म्हणाले. बाकी दोन बाळांचे आकडे चुकले होते, पण थोडे.

सगळं आटोपल्यावर पद्मक्कांनी चुकांची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं, तारीख घालून, माझ्या नावानं. 'पाणी विचारल्याशिवाय बदलले.' सही केली. नोकरी गेलीच, असं धरून चालले होते. त्यांनी वही ओढून घेतली आणि माझ्या ओळीखाली स्वतः लिहायला लागल्या.

"तुम्ही काय लिहिताय, अक्का?"

"शिळं पाणी का लागतं ते मला ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू विसरशील, उलटं करशील, असं वाटलं. तुझ्यावर विश्वास नव्हता." त्यांनी सही केली. "ही माझी."

मला रडू आलं. "पिशवीचं मीच सांगितलं, अक्का."

"ते कळलं की. दुसरं कोण बघत होतं?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "संशय आला, सांगितलीस, ते बरोबर. आधी मला विचारली असतीस तर बुधवारपर्यंत थांबायला लागलं नसतं. ते बाळ थांबलं की ग."

त्या वहीतल्या त्या दोन ओळी डॉक्टरांनी वाचल्या, त्याखाली स्वतःची तिसरी लिहिली. 'निळ्या थेंबाची तपासणी मी बंद केली होती.' ते पान अजून आहे. मी कायम झाले. पद्मक्का आतल्या खोलीत परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली वांग्याची भाजी न विचारता माझ्या झाकणात वाढली. मी खाण्याआधी त्या म्हणाल्या, "मीठ बघून घे."

पुढे वर्षभरानं त्या निवृत्त झाल्या. निरोपाला दिलेली शाल त्यांनी दारात उजेडात नेऊन उलटी करून बघितली आणि भावाला दाखवते म्हणाल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. गेल्या थंडीत. लॅब आता मी सांभाळते. पुढच्या बाकावर पेशंट म्हणून पद्मक्का बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, पण दोन्ही चष्मे गळ्यात होते. मी रक्त काढलं. त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली, चिठ्ठीवरचं आपलं नाव दोन वेळा वाचलं, नळी स्वतःच दहा वेळा सावकाश उलटसुलट केली आणि मग परत दिली.

"अक्का, पाणी कालचंच आहे," मी म्हणाले. "निळा थेंब सकाळी टाकला. कडेच्या कपात."

"नोडोण," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात प्रसूतिगृहाचा फोन आला म्हणून मी टेबलाकडे गेले. बोलून परत येते तो बाक रिकामा. काचेतून दिसल्या, रस्ता ओलांडत होत्या. पिशवी छातीशी धरली होती, येणाऱ्या रिक्षाला हात दाखवून थांबवलं आणि ती खरंच थांबलीय का हे बघून मगच पाऊल टाकलं.

मी आतल्या खोलीत गेले. यंत्राचा हिरवा दिवा चालू होता. मी तर यंत्र बंद करून, सकाळचा कप धुऊन गेले होते. जाळीच्या अगदी कोपऱ्यात एक कप होता, तळापासून वरपर्यंत सारखा निळा.

इतक्या वर्षांत पद्मक्कांनी कप न धुता ठेवल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. हा त्यांनी मला दिसावा म्हणून ठेवला होता.